कागद आला, मग कर्ज कुठे अडलं? डी सोटो यांच्या सिद्धान्ताची उलटतपासणी

विकासाच्या अर्थशास्त्रात संशोधन करायचं ठरवलंत की पहिल्या वर्षभरात कुणीतरी तुमच्या हातात हर्नांडो डी सोटो यांचं 'द मिस्ट्री ऑफ कॅपिटल' हे पुस्तक ठेवतंच. २००० साली आलेलं हे पुस्तक वाचायला सोपं आहे, भाषा जोरकस आहे, आणि एका बैठकीत ते आपल्याला पटूनही जातं. संशोधकाच्या दृष्टीनं अडचण इथेच सुरू होते. जे इतक्या पटकन पटतं, त्यातले कुठले सांधे आपण न तपासताच ओलांडले, हे बघायला हवं.

हे मी अनुभवावरून सांगतोय. माझ्या पहिल्या संशोधन आराखड्यात एक आकृती होती. तिच्यात पाच चौकोन आणि चार बाण होते: मालकीचा कागद, तारण, बँकेचं कर्ज, धंद्यात गुंतवणूक, आर्थिक वाढ. आकृती मला फार आवडली होती. गाईडनं चौकोनांना हातही लावला नाही, फक्त चारही बाणांवर पेन्सिलनं प्रश्नचिन्हं काढून कागद परत दिला. त्या चार प्रश्नचिन्हांनी माझं एक वर्ष खाल्लं. तुमचं वाचावं म्हणून हा लेख.

आधी पुस्तकाचं म्हणणं नीट समजून घेऊ

कुठल्याही लिखाणावर टीका करण्याआधी त्याची बाजू त्याच्या लेखकाला मान्य होईल अशी मांडता आली पाहिजे. तेव्हा आधी ते करू.

डी सोटो म्हणतात, विकसनशील देशांतले गरीब लोक रिकाम्या हातांचे नाहीत. त्यांच्याकडे घरं आहेत, जागा आहेत, छोटे धंदे आहेत. पण ही मालमत्ता कागदावर नाही. घर आहे, पण ते कायद्यानं आपलं आहे हे दाखवता येत नाही, आणि म्हणून ते तारण ठेवता येत नाही. तारण नाही म्हणून कर्ज नाही, कर्ज नाही म्हणून धंदा वाढत नाही. अशा मालमत्तेला त्यांनी 'मृत भांडवल' असं नाव दिलं. अमेरिकेत नवा धंदा सुरू करणाऱ्याला पैसा मिळण्याचा मोठा मार्ग म्हणजे घरावर काढलेलं कर्ज, याकडे ते बोट दाखवतात. मग लिमाच्या किंवा कैरोच्या माणसालाही कागद द्या, म्हणजे त्याचंही घर भांडवलात बदलेल, असा हा युक्तिवाद.

पुस्तकाची खरी ताकद मला त्याच्या पहिल्या भागात दिसते. डी सोटो यांच्या लिमामधल्या संस्थेनं शहराच्या कडेला एक छोटी शिवणकामाची कार्यशाळा उभी केली आणि ती कायदेशीर नोंदवून बघितली. रोज सहा-सहा तास खपून २८९ दिवस लागले. खर्च आला किमान मासिक वेतनाच्या ३१ पट. पेरूमध्ये सरकारी जमिनीवर घर बांधायची रीतसर परवानगी मिळवायला ६ वर्षं ११ महिने लागत, त्यात ५२ सरकारी कचेऱ्या आणि २०७ टप्पे. आपल्याकडे ज्यांनी एका वारस नोंदीसाठी तलाठी कार्यालयाचे खेटे घातले आहेत, त्यांना हे आकडे वेगळे समजावून सांगावे लागणार नाहीत. बेकायदेशीर राहणं हा गरिबांचा स्वभाव नाही, कायद्यात शिरण्याचा खर्चच त्यांना परवडत नाही, ही गोष्ट त्यांनी अंगमेहनतीनं मोजून दाखवली. हे श्रेय त्यांचंच आहे, आणि पुढची सगळी टीका वाचताना ते विसरू नका.

हा विचार पुस्तकापुरता राहिला नाही. पेरूमध्ये १९९६ साली 'कोफोप्री' ही संस्था स्थापन झाली आणि शहरी वस्त्यांमध्ये दहा लाखांहून जास्त मालकीपत्रं वाटली गेली. २००५ मध्ये गरिबांच्या कायदेशीर सक्षमीकरणासाठी एक आंतरराष्ट्रीय आयोग नेमला गेला. त्याचे सहअध्यक्ष होते मॅडेलिन ऑलब्राइट आणि स्वतः डी सोटो. म्हणजे एका पुस्तकातले चार बाण अनेक सरकारांच्या योजनांमध्ये उतरले. बाण चुकीच्या दिशेला गेले, तर चूक फक्त पुस्तकात राहत नाही.

९.३ लाख कोटी डॉलर: हा आकडा कशाचा?

पुस्तकातला सगळ्यात गाजलेला आकडा म्हणजे तिसऱ्या जगातल्या आणि पूर्वीच्या साम्यवादी देशांतल्या 'मृत' स्थावर मालमत्तेची किंमत, ९.३ लाख कोटी डॉलर. इजिप्तबद्दल तर ते सांगतात की तिथल्या गरिबांची ही मालमत्ता त्या देशात आजवर नोंदल्या गेलेल्या सगळ्या थेट परदेशी गुंतवणुकीच्या ५५ पट आहे, सुएझ कालवा आणि आस्वान धरण धरून.

असा आकडा समोर आला की संशोधकानं लगेच दोन प्रश्न विचारायचे. एक, हा मोजला कसा? दोन, हा नेमकं काय मोजतो?

पहिल्याचं उत्तर असं की पेरू, हैती, इजिप्त, फिलिपाइन्स अशा मोजक्या देशांत केलेल्या अंदाजावरून तो बाकी सगळ्या देशांवर ताणला आहे. क्रिस्टोफर वुडरफ यांनी २००१ मध्ये 'जर्नल ऑफ इकॉनॉमिक लिटरेचर'मधल्या परीक्षणात या हिशेबावर शंका घेतल्या होत्या. परीक्षण कसं लिहावं हे शिकायचं असेल तर तो लेख जरूर वाचा.

दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. समजा आकडा अगदी बरोबर आहे. तरी तो घरांची किंमत सांगतो, त्यांच्यावर मिळू शकणारं कर्ज सांगत नाही. या दोन गोष्टींत केवढं अंतर आहे बघा. बँक तारण मोजताना घर आज कितीला विकलं जाईल एवढंच बघत नाही. हप्ते थकले, जप्ती करावी लागली, तर लिलावात किती येतील, किती वर्षांनी येतील आणि वकिलावर किती जातील, हे ती बघते. ज्या वस्तीत सगळे एकमेकांना ओळखतात, तिथे जप्त झालेलं शेजाऱ्याचं घर विकत घ्यायला कोण पुढे येणार? लिलावच झाला नाही, तर तारण म्हणून त्या घराची किंमत शून्याच्या जवळ जाते.

शिवाय 'मृत' हा शब्दच फसवा आहे. त्या घरात माणसं राहतात, पुढच्या खोलीत किराणा दुकान चालतं, माळ्यावर भाडेकरू असतो. बिनकागदाच्या वस्तीतही घरं विकली जातात, पंचांसमोर, साध्या स्टँपपेपरवर. ही मालमत्ता चांगली जिवंत आहे, फक्त बँकेच्या खिडकीतून ती दिसत नाही. उपमा चांगली असली तरी तिच्यावरून हिशेब मांडायला जाऊ नये.

पहिले दोन बाण: कागदापासून कर्जापर्यंत

आता पुराव्याकडे येऊ. 'मालकीपत्र असलेल्यांना जास्त कर्ज मिळतं का?' हा प्रश्न ऐकायला सोपा वाटतो. कागद असलेले आणि नसलेले शोधा, त्यांच्या कर्जांची तुलना करा, झालं! पण ज्यानं धडपड करून कागद मिळवला, तो माणूस मुळातच जास्त कमावता, जास्त शिकलेला किंवा जास्त ओळखीचा असू शकतो. मग कर्ज कागदामुळे मिळालं की त्याच्या स्वतःच्या ऐपतीमुळे, हे कसं वेगळं काढणार? ही निवडीची अडचण. तुमच्या व्हायव्हात पहिला प्रश्न यावरच येणार, हे गृहीत धरा.

ही अडचण सोडवणारी एक विलक्षण घटना अर्जेंटिनात घडली. १९८१ मध्ये ब्युनॉस आयर्स महानगरातल्या किल्मेस भागात, सान फ्रान्सिस्को सोलानो इथे, सुमारे १८०० भूमिहीन कुटुंबांनी एका चर्चच्या मदतीनं मोकळी जमीन व्यापली. जमीन सरकारी आहे असा त्यांचा समज होता. प्रत्यक्षात ती वेगवेगळ्या खासगी मालकांच्या १३ तुकड्यांची निघाली. १९८४ मध्ये प्रांतानं कायदा करून ती संपादित केली, म्हणजे मालकांना भरपाई द्यायची आणि जमीन रहिवाशांच्या नावावर करायची. काही मालकांनी भरपाई घेतली, तिथल्या कुटुंबांना १९८९ ते १९९१ दरम्यान मालकी मिळाली. काही मालक कोर्टात गेले, तिथल्या कुटुंबांचा कागद वर्षानुवर्षं अडकला.

यातली गंमत लक्षात आली का? कुणाला कागद मिळाला आणि कुणाला नाही, हे राहणाऱ्यांच्या हातात नव्हतंच. आपला प्लॉट कुठल्या मालकाच्या तुकड्यात पडतो हे जागा व्यापताना कुणालाच माहीत नव्हतं. शेजारी-शेजारी राहणारी, सारख्याच परिस्थितीतली कुटुंबं, आणि फरक एकच, तिसऱ्याच कुणाच्या तरी कोर्टकज्जाचा. याला आपण नैसर्गिक प्रयोग म्हणतो. सेबास्टियन गालियानी आणि एर्नेस्टो शार्ग्रोड्स्की यांनी इथे २००३ आणि २००७ मध्ये पाहण्या केल्या आणि २०१० मध्ये 'जर्नल ऑफ पब्लिक इकॉनॉमिक्स'मध्ये शोधनिबंध छापला.

निष्कर्ष काय आले? कागद मिळालेल्यांनी घरं सुधारली. भिंती, छपरं यांचा दर्जा वाढला, आणि घराच्या एकूण अवस्थेच्या मोजमापात ३७ टक्क्यांच्या आसपास सुधारणा दिसली. कुटुंबं आटोपशीर झाली. मुलं जास्त शिकली. पण कर्ज? घर तारण ठेवून कर्ज मिळालेली कुटुंबं शंभरात चारच्या आसपास. बाकी प्रकारच्या कर्जात फरक नाही. कमाईतही फरक दिसला नाही.

इथे थांबून स्वतःच एक-दोन शंका काढा. मी काढलेली पहिली शंका अशी: त्या कायद्यात मिळालेली जागा पहिली दहा वर्षं विकता येणार नाही अशी अट होती. मग बँक तिच्यावर कर्ज देईलच कशी? शंका रास्त आहे, पण तारखा जुळवून बघा. ज्यांना १९८९ ते १९९१ मध्ये कागद मिळाला, त्यांची दहा वर्षं २००३ च्या पाहणीआधीच संपली होती. म्हणजे ही अट सगळं काही समजावू शकत नाही.

दुसरी शंका जास्त जड आहे. २००१ च्या डिसेंबरात अर्जेंटिनाची बँकव्यवस्था कोसळली होती, लोकांना स्वतःच्या ठेवीही काढता येत नव्हत्या. २००३ मध्ये तिथे गरिबालाच काय, मध्यमवर्गालाही गृहकर्ज मिळणं कठीण होतं. मग 'कागदानं कर्ज मिळत नाही' असं म्हणायचं, की 'बँका कुणालाच कर्ज देत नव्हत्या तेव्हा कागदानंही मिळालं नाही' असं? कबूल करायला हवं की एकट्या अर्जेंटिनाच्या जोरावर डी सोटो यांना खोटं ठरवता येत नाही. हा निबंध उद्धृत करणारे कितीतरी लोक ही मर्यादा सांगायची विसरतात. तुम्ही विसरू नका.

म्हणून मग पेरूकडे जायचं, डी सोटो यांच्या स्वतःच्या अंगणात. एरिका फील्ड आणि मॅक्सिमो तोरेरो यांनी तिथल्या शहरी मालकीपत्रांचा कर्जावर काय परिणाम झाला ते तपासलं. सरकारी 'बँको दे मातेरियालेस', म्हणजे घरबांधणीचं सामान घ्यायला कर्ज देणारी संस्था, तिथे कागद असलेल्यांचे अर्ज जास्त मंजूर झाले. खासगी बँकांत मात्र मंजुरीची शक्यता वाढल्याचं आढळलं नाही, ज्यांना कर्ज मिळालं त्यांचा व्याजदर तेवढा कमी होता. थोडक्यात, कागद मागायचा असा जिथे सरकारी नियम होता तिथे कागद चालला. जिथे बँकेला स्वतःचा धोका स्वतः तोलायचा होता तिथे तो पुरला नाही.

याचं कारण शोधायला लांब जायला नको. कुठल्याही बँकेत गृहकर्जाची चौकशी करून बघा. पहिला प्रश्न घराबद्दल नसतो. पगाराची स्लिप, फॉर्म १६, सिबिल स्कोअर, आधीचे हप्ते किती, हे विचारलं जातं. कर्ज फिटतं ते दर महिन्याच्या कमाईतून. घर हे शेवटचं हत्यार, बँकेलाही ते वापरायचं नसतं. रोजंदारीवर जगणाऱ्याची अडचण कमाईच्या अनिश्चिततेची आहे. कागदानं घर पक्कं होईल, पण कमाई कशी पक्की होणार?

'मग जप्तीचे कायदे कडक करा' असं म्हणाल तर

डी सोटो यांच्या बाजूनं कुणी म्हणेल, नुसता कागद पुरत नाही, थकबाकी झाली तर तारण वसूल करता आलं पाहिजे, तो भाग दुरुस्त करा म्हणजे साखळी चालेल. या मुद्द्यावर भारतातला पुरावा आहे, आणि तो चकित करणारा आहे.

१९९३ च्या कायद्यानं आपल्याकडे कर्जवसुली न्यायाधिकरणं आली. ती सगळीकडे एकदम सुरू झाली नाहीत, वेगवेगळ्या राज्यांत वेगवेगळ्या वेळी झाली, आणि संशोधकांना तुलना करायला जागा मिळाली. उल्फ फॉन लिलियनफेल्ड-टोल, दिलीप मुखर्जी आणि सुजाता विसारिया यांनी २०१२ मध्ये 'इकॉनोमेट्रिका'त दाखवलं की न्यायाधिकरणांमुळे मोठ्या कंपन्यांचं कर्ज वाढलं आणि छोट्यांचं घटलं.

असं का व्हावं? कारण बँकांकडे द्यायला पैसा अमर्याद नसतो. वसुली सोपी झाली की मोठं तारण असलेल्यांना आणखी कर्ज देणं परवडू लागतं, त्यांची मागणी वाढते, पैसा महाग होतो, आणि लहान माणूस रांगेतून बाहेर पडतो. हा अभ्यास कंपन्यांचा आहे, झोपडीतल्या घरांचा नाही, हे ध्यानात ठेवूनच तो वापरा. पण त्यातला धडा आपल्या बाणांना थेट लागू होतो. डी सोटो यांचा युक्तिवाद एका कुटुंबाला धरून चालतो: याला कागद मिळाला तर याला कर्ज मिळेल. सगळ्यांनाच एकदम कागद मिळाला तर? कर्ज द्यायला लागणारी बचत कुठून येणार? ९.३ लाख कोटींचं तारण तयार झालं म्हणून तेवढ्या ठेवी आपोआप तयार होत नाहीत. एका घरासाठी जे खरं, ते सगळ्या देशासाठी खरं असेलच असं नाही. ही चूक फार जुनी आहे, तरी दरवर्षी नव्या आराखड्यांत हजर असते.

शेवटचा बाण: गृहकर्जापासून वाढीपर्यंत

आता असं धरून चालू की कर्ज मिळालं. त्यानं आर्थिक वाढ होते का?

देशादेशांची आकडेवारी मांडली की चित्र छान दिसतं. भारतात गृहकर्ज जीडीपीच्या दहा-बारा टक्क्यांच्या आसपास, अमेरिकेत त्याच्या कित्येक पट. श्रीमंत देश, मोठा गृहकर्ज बाजार. पण बाण कुठून कुठे जातो? लोक श्रीमंत झाले, कमाई स्थिर झाली, महागाई आटोक्यात आली, कोर्टं चालू लागली, म्हणून वीस वर्षांचं कर्ज देणं शक्य झालं, हेही तितकंच संभवतं. व्हेरोनिका आणि फ्रान्सिस वॉर्नॉक यांनी २००८ मध्ये ६२ देशांची तुलना करून दाखवलं की जिथे कर्ज देणाऱ्या-घेणाऱ्यांचे कायदेशीर हक्क भक्कम, पतमाहितीची व्यवस्था चांगली आणि अर्थव्यवस्था स्थिर, तिथे गृहकर्ज बाजार खोल असतो. म्हणजे गृहकर्ज हे बऱ्याच अंशी फळ आहे. फळाला बी समजून पेरायला निघालो तर घोटाळा होणार.

टुलिओ जापेली आणि मार्को पागानो यांचा १९९४ चा लेख तर उलटीच शक्यता मांडतो. घरासाठी कर्ज सहज मिळत नसेल तर लोक आधी साठवतात. ती बचत देशाच्या गुंतवणुकीला लागते आणि वाढीला हातभार लावते. हे मोजायला त्यांनी घराच्या किमतीच्या किती टक्के कर्ज मिळतं हाच निकष वापरला, तोही विकसित देशांच्या आकडेवारीवर. नंतर थोर्स्टेन बेक आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये ४५ देशांत बँककर्जाचे दोन भाग केले, धंद्यांना दिलेलं आणि कुटुंबांना दिलेलं. वाढीशी नातं दिसलं ते धंद्यांच्या कर्जाचं. कुटुंबांच्या कर्जाचं तसं नातं दिसलं नाही.

याचा अर्थ गृहकर्ज वाईट, असा काढू नका. बांधकामात रोजगार मिळतो, माणसाला छप्पर मिळतं, या गोष्टी मोलाच्याच आहेत. मुद्दा एवढाच की 'वित्तपुरवठा वाढला की वाढ होते' या ढोबळ वाक्यावर 'गृह' हा शब्द चिकटवून पुढे जाता येत नाही. कर्ज कुणाला, कशासाठी, कुठल्या पैशातून, हे वेगळं केल्याशिवाय आपलं रिग्रेशन काहीही सांगेल.

घर मिळालं, पण कुठे?

आणखी एक अभ्यास इथे ठेवतो, कारण तो अख्ख्या साखळीकडेच वेगळ्या बाजूनं बघायला लावतो. अहमदाबादमध्ये १९८७ साली विडी कामगार बायकांसाठी घरांची सोडत निघाली. नंबर लागलेल्यांना हप्त्या-हप्त्यानं मालकीकडे जाणारं घर, शहराच्या मध्यापासून लांब. शेरॉन बार्नहार्ट, एरिका फील्ड आणि रोहिणी पांडे यांनी चौदा वर्षांनंतरची परिस्थिती तपासली. नंबर लागलेल्यांपैकी ३४ टक्के तिथे राहायला गेल्याच नव्हत्या, आणि ३२ टक्के जाऊन नंतर बाहेर पडल्या. घर चांगलं होतं, पण कुटुंबाच्या आर्थिक स्थितीत फरक नाही, मुलांच्या बाबतीतही नाही. उलट नातेवाईक आणि जातभाई दुरावले, अडीअडचणीला उसनं मिळण्याची सोय कमी झाली.

सोडत म्हणजे लॉटरी, त्यामुळे निवडीची अडचण इथे नाही. आणि निकाल काय सांगतो? घर म्हणजे फक्त चार भिंती आणि एक कागद नसतो. कामाला चालत जाता येणं, पोर आजारी पडलं तर शेजारणीकडे ठेवता येणं, महिन्याच्या वीस तारखेला पैसे संपले तर मागता येणं, हे सगळं घराच्या किमतीत असतं. आपल्या कोष्टकांत ते येत नाही, म्हणून ते नसतं असं नाही.

तर मग उरतं काय?

बरंच उरतं, आणि मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

फील्ड यांचा २००७ चा पेरूवरचा लेख बघा. मालकीपत्र मिळालेल्या कुटुंबांत माणसं घराबाहेर जास्त तास काम करू लागली, घरी बसून करायच्या कामाऐवजी बाहेरचं काम वाढलं, आणि मुलांच्या कामाची जागा मोठ्यांनी घेतली. कारण साधं आहे. कागद नसताना जागा राखायला कुणीतरी घरी थांबावं लागायचं. कागद आला, राखण संपली. यात बँक कुठेच नाही!

ब्युनॉस आयर्समध्येही तेच. लोकांनी भिंती पक्क्या केल्या त्या बहुतेक कर्जाशिवायच, कारण उद्या कुणी हाकलणार नाही ही खात्री आली. मुलं शाळेत टिकली. म्हणजे मालकीहक्काचा उपयोग झाला, पण डी सोटो यांनी सांगितलेल्या रस्त्यानं नाही. तारणाच्या रस्त्यानं न होता तो निर्धास्तपणाच्या रस्त्यानं झाला.

यावर कुणी म्हणेल, रस्ता कुठलाही असो, कागद वाटणं चांगलंच ना? मग एवढा कीस कशाला? कारण योजनेचं यश आपण कशानं मोजतो यावर तिचं आयुष्य ठरतं. 'कर्ज वाढेल' म्हणून कागद वाटले आणि पाच वर्षांनी कर्ज वाढलं नाही, तर योजना फसली म्हणून ती गुंडाळली जाईल, मुलांच्या शाळेकडे कुणी बघणारही नाही. किंवा त्याहून वाईट, कर्जाचे आकडे दाखवायचे म्हणून ज्यांची कमाई अनिश्चित आहे अशांना घर तारण ठेवायला लावलं जाईल, आणि एका वाईट पावसाळ्यात, एका आजारपणात, नुकतंच नावावर झालेलं घर जाईल. निर्धास्तपणा हाच कागदाचा खरा फायदा असेल, तर ते घर तारण ठेवताना आपण नेमकी तीच गोष्ट पणाला लावतो.

हे सगळं दूरच्या देशांपुरतं नाही. २४ एप्रिल २०२० ला सुरू झालेली स्वामित्व योजना आठवा. ड्रोननं गावठाणाची मोजणी आणि घरमालकांना मालमत्ता पत्रक. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत ग्रामपंचायतीचा नमुना ८ सोडून घराला दुसरा कागद नव्हता, आणि तो तर कर आकारणीचा उतारा, मालकीचा पुरावा नव्हे. योजनेच्या जाहीर उद्दिष्टांत गावकऱ्यांना घरावर कर्ज मिळावं, हेही आहे. म्हणजे डी सोटो यांचे बाण आपल्या गावात येऊन पोचले आहेत. त्यांची नीट तपासणी कुणीतरी करायला हवी, आणि हे वाचणाऱ्यांपैकी कुणी ती करेल अशी मला आशा आहे.

करणार असाल तर तीन गोष्टी. एक, मोजणी कुठल्या गावात आधी झाली, कुठे नंतर, आणि तो क्रम कुणी कशावरून ठरवला, हे आधी शोधा. क्रम ठरवण्यामागे गावाची ऐपत किंवा पुढाऱ्याचं वजन असेल, तर तुमची तुलना तिथेच कोसळेल. दोन, तुमच्या आकृतीतल्या प्रत्येक बाणाखाली लिहा की हा बाण खोटा असेल तर मला आकडेवारीत काय दिसेल. ज्या बाणाखाली काहीच लिहिता येत नाही, तो बाण खोडा. तीन, प्रश्नावली घेऊन एखाद्या घरी जाल तेव्हा 'कर्ज मिळालं का?' हा प्रश्न पहिला ठेवू नका. आधी विचारा, कागद आल्यापासून घरात काय बदललं? भावकीतलं भांडण मिटलं का? पत्रकावर बाईंचं नाव लागलं का? मागची भिंत बांधायला घेतली का? कर्जाचा प्रश्न त्यानंतर. आणि उत्तर 'नाही' आलं, तर तेही तितक्याच काळजीनं लिहून घ्या.

माझी ती जुनी आकृती मी अजून टाकलेली नाही. तिच्यात आता एकच बाण उरलाय, कागदापासून घरातल्या माणसांच्या रोजच्या वेळापत्रकापर्यंत जाणारा. आराखडा त्याच्यावरच मंजूर झाला. फील्डवर्क दिवाळीनंतर सुरू होईल.